राजीनाम्याची तपासणी

तिने राजीनामा लिहिला आणि तपासायला माझ्यापुढे ठेवला. मी तो तपासला. त्यात एक चूक होती. नोटिशीचे तीस दिवस मोजताना तिने पत्र देण्याचा दिवसही धरला होता, त्यामुळे शेवटच्या दिवसाची तारीख एकाने अलीकडे आली होती. मी पेन्सिलने तारखेभोवती गोल केला, बाजूला बरोबर तारीख लिहिली, खाली बारीक सही केली आणि कागद परत दिला.

"थँक्यू, मॅडम," ती म्हणाली.

"ठीक आहे," मी म्हणाले.

तिने तारीख दुरुस्त करून दुपारी तो मेल केला. चार वर्षं माझ्या समोरच्या टेबलावर बसलेली मुलगी नोकरी सोडून चालली होती आणि मी तिला तारीख सुधारून दिली होती. का जातेस, एवढं विचारायचंही मला सुचलं नाही.

यात माझा बचाव नाही, पण आमच्याकडची पद्धत सांगायला हवी. अंधेरी पूर्वेला औद्योगिक वसाहतीत आमची प्रयोगशाळा आहे. औषधांचे कारखाने, सोनार, रसायनवाले यांच्याकडची वजनं वर्षातून एकदा आमच्याकडे तपासणीला येतात. आमच्याजवळ प्रमाण वजनांचा एक संच आहे. त्याच्याशी ताडून बघायचं आणि कोणतं वजन किती कमी, किती जास्त, ते प्रमाणपत्रावर लिहून द्यायचं. एका माणसाने लिहायचं आणि दुसऱ्याने तपासायचं. दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही कागद आमच्या खोलीबाहेर जात नाही. सुट्टीचा अर्जसुद्धा नाही. मी इथे चोवीस वर्षं आहे. समोर कागद आला की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो.

आमच्या खोलीत आम्ही तिघंच. मी, ती आणि मालवणकडचे एक जुने तंत्रज्ञ. ते माझ्याही आधीपासून आहेत. दोन वर्षांपूर्वी आमची प्रयोगशाळा एका मोठ्या कंपनीने घेतली. त्यांचे तापमान, दाब आणि वीज असे तीन विभाग वरच्या मजल्यावर होते. आम्ही चौथे झालो. काम तेच राहिलं. शुक्रवारी संध्याकाळी वर केक कापायला जाणं आणि महिन्याला एखादा फॉर्म भरणं एवढं वाढलं.

ती मुलगी मानखुर्दला आईबरोबर राहते. दोन बस बदलून येते. फिजिक्समध्ये एम. एस्सी. केलेलं. पहिल्या दिवशी मी तिला तराजूच्या खोलीत नेलं आणि काही सांगायच्या आत बघितलं, तर काचेची खिडकी सरकवताना ती श्वास रोखून उभी होती. श्वासाच्या उबेनेसुद्धा आकडा हलतो, हे नव्या माणसाला दहा वेळा सांगावं लागतं. तिला नाही लागलं. त्या दिवशी मी घरी येऊन नवऱ्याला म्हणाले होते, "या मुलीच्या हातात कसब आहे." तिला मात्र म्हणाले नव्हते. पुढे चार वर्षांतही नाही.

राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी ती वर कुठल्याशा मीटिंगला गेली होती. आम्ही दोघं डबा खात होतो. तंत्रज्ञांनी बांगड्याचा काटा बाजूला ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, त्या चेडवाक तुमीच घालवलात."

"मी? मी काय केलं?"

"फॉर्मात सहा दिलात."

"मग? तुम्हालाही सहाच दिलेत की."

"माका लाल काय नि हिरवा काय! माजी दोन वर्सां रवली. ता पोर अजून तीस वर्सां काम करूचा आसा."

लाल म्हणजे काय, मला कळेना. त्यांनी मला वरच्या मजल्यावर जाऊन तक्ता बघायला सांगितलं.

महिन्याभरापूर्वी एचआरकडून एक फॉर्म आला होता. कर्मचारी आणि कामाची जागा यांचं किती जुळतं, असा त्याचा विषय. प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या माणसांना पाच बाबतींत दहापैकी गुण द्यायचे: अचूकता, विश्वासार्हता, वेग, सहकाऱ्यांशी जुळणं आणि कंपनीच्या पद्धतींशी जुळणं. कर्मचाऱ्यानेही स्वतःचा एक फॉर्म भरायचा. मी तिला अनुक्रमे सात, सहा, पाच, सहा, सहा दिले. बेरीज तीस, सरासरी सहा. मला ते चांगले गुण वाटले होते. आमच्या कामात ज्याची पूर्ण खात्री देता येते तेवढंच लिहायचं असतं. शंका असेल तर कमी बाजूने जायचं, म्हणजे पुढे कुणाचं नुकसान होत नाही. मी तिचे गुण तसेच लिहिले. अचूकतेत सात! मी स्वतःला आठ दिले असते की नाही, शंका आहे.

वर एचआरचा मुलगा बसतो. तिशीचा असेल, बोलायला गोड. त्याने तक्ता उघडून दाखवला. तापमान विभाग हिरवागार, दाब विभाग हिरवागार, वीजही तशीच. आमच्या दोन ओळी लाल.

"मॅडम, बाकी सगळ्यांनी साडेआठच्या वरच दिलेत," तो म्हणाला. "दाबवाल्या सरांनी तर त्या नवीन मुलाला साडेनऊ दिले. तो जॉइन होऊन तीन महिने पण झाले नाहीत."

"साडेनऊ? म्हणजे शिकायचं काही उरलंच नाही त्याचं?"

"तसं नसतं ना मॅडम. सातच्या खाली सिस्टीम लाल करते. लाल म्हणजे माणूस जुळत नाहीये, सोडून जाऊ शकतो. मग आम्ही बोलावून बोलतो. मी बोललो तिच्याशी. छान बोललो एकदम."

"काय बोललास?"

"हेच, की इथे काही अडचण आहे का, तुम्ही दुसरीकडे जास्त खुलाल असं वाटतं का. प्रश्न ठरलेले असतात."

"दहापैकी सहा म्हणजे फर्स्ट क्लास असतो रे."

"तुमच्या वेळी, मॅडम," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली. "सॉरी. पण खरंच आता नसतो."

मी खाली आले. ती मीटिंगहून परतली होती. चिमट्याने एकेक वजन उचलून मखमलीच्या खाचेत ठेवत होती. वीस ग्रॅम, दहा ग्रॅम, पाच, दोन, दोन, एक. मी माझ्या टेबलाशी जाऊन बसले. मला नेमकं काय बोलायचंय, ते ठरलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी घाटकोपरच्या घरी नवरा ओट्यापाशी नारळ खवत होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं नव्हतं, पण तो हसला.

"अगं, मला किती देशील पंचवीस वर्षांचे?"

मी विचार केला. मस्करी चाललेली असतानाही मी विचार करते, हा माझा दोष आहे.

"सात."

"बघ! आणि मी खूश आहे. कारण मला ठाऊक आहे, तुझे सात म्हणजे काय ते. तिला कोण सांगणार?"

"चार वर्षं समोर बसते. तिला कळत नसेल?"

"मला कळायला सहा वर्षं लागली," तो म्हणाला. "पहिली काही वर्षं मला वाटायचं, हिला माझा स्वयंपाक आवडत नाही. 'ठीक आहे' म्हणायचीस नुसतं. एकदा तुझ्या आईने सांगितलं, ही लहानपणी श्रीखंडालाही ठीक आहे म्हणायची."

तो पुन्हा खवणीकडे वळला. मी भाजी निवडायला घेतली, पण डोकं तिथे नव्हतं. गुण चुकीचे होते असं मला अजून वाटत नव्हतं. आणि केवळ निकाल आवडला नाही म्हणून आकडा बदलायचा, हे मी आयुष्यात केलेलं नाही. प्रयोगशाळेत लिहिलेला आकडा खोडरबराने पुसता येत नाही. त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी नवा आकडा, सही आणि कारण. कारण नसेल तर रेघ मारायची नाही. माझ्याकडे कारण नव्हतं.

ते मला सोमवारी काम करताना सापडलं. आम्ही वजन कधीच एकटं मोजत नाही. आधी आपलं प्रमाण वजन ठेवायचं, मग आलेलं वजन, पुन्हा आलेलं वजन, पुन्हा प्रमाण वजन. चार आकडे. दोघांतला फरक काढायचा. नुसतं वजन तराजूवर ठेवून जो आकडा दिसतो त्याला आमच्याकडे काही किंमत नाही. सकाळी एक दिसेल, दुपारी दुसरा. मी प्रमाण वजन उचलून ठेवत होते आणि चिमटा हातातच राहिला. तिला गुण देताना मी शेजारी कुणालाच ठेवलं नव्हतं. एक मनातला अगदी निर्दोष माणूस धरला होता, जो कुठे अस्तित्वात नाही.

मग मी चार वर्षांच्या वह्या काढल्या. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून मोजलं. प्रमाणपत्र पाठवल्यावर ग्राहकाने शंका काढून परत पाठवलेली कामं: तंत्रज्ञांची पाच, माझी तीन, तिचं एक. त्या एकातही चूक ग्राहकाच्याच पत्त्यात होती. चार आकडे एकमेकांशी न पटल्याने सगळं पुन्हा करावं लागलं असे प्रसंग माझ्या नावावर तिच्या दुपटीहून जास्त. वेग मात्र तिचा कमीच निघाला. मी दिवसाला नऊ संच करते, ती सात. आलेली वजनं खोलीच्या तापमानाला यायला ती पुस्तकात लिहिलाय तेवढा पूर्ण वेळ देते. मी कधीकधी अर्ध्या तासावर समाधान मानते. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण वह्यांत ते दिसतं.

फॉर्मची छापील प्रत घेऊन मी पाचपैकी चार आकड्यांवर एकेक रेघ मारली. सातचे नऊ, सहाचे नऊ, शेवटच्या दोन सहांपैकी एकाचे नऊ, एकाचे आठ. वेगाचे पाच तसेच ठेवले. बेरीज चाळीस, सरासरी आठ. प्रत्येक दुरुस्तीपुढे सही. कारण एका ओळीत: तुलनेशिवाय केलेली मोजणी.

एचआरच्या मुलाने कागद उलटसुलट करून पाहिला.

"मॅडम, सिस्टीम लॉक झालीय."

"तिच्या फाइलला लाव."

"लावतो. पण आकडा बदलून ती थांबेल का?" तो जरा घुटमळला आणि मग त्याने मला दाखवायला नको होतं ते दाखवलं. तिने स्वतः भरलेला फॉर्म. स्वतःला तिने साडेपाच दिले होते. माझ्याकडेच शिकलेली, दुसरं काय करणार! पण खाली शेवटचा प्रश्न होता: येत्या वर्षभरात ही नोकरी सोडण्याचा विचार आहे का? उत्तर: नाही. पुढे रिकाम्या जागेत कुणी काही लिहीत नाही, तिथे तिने लिहिलं होतं, 'इथे काम नीट करू देतात.'

ते तिने त्या मुलाने बोलावण्याच्या आठ दिवस आधी लिहिलं होतं.

मी जिना उतरून खाली आले तेव्हा नोटिशीचे एकवीस दिवस उरले होते. तराजूच्या खोलीबाहेर एक बाकडं आहे. आत वजनं ठेवली की ती निवेपर्यंत आम्ही तिथे बसतो. ती बसली होती. मी शेजारी बसले.

"कुठे चाललीस?"

"बोरिवलीला. तराजू विकणारी कंपनी आहे. ग्राहकांना डेमो द्यायचा. पगार थोडा जास्त आहे."

"तुला बोलायला आवडतं, ग्राहकांशी?"

"नाही."

"मग?"

ती हातमोजा काढून बोटं ताणत होती. "मग काय, मॅडम. चार वर्षं मला वाटत होतं, माझी जागा हीच. वर केक कापायला गेले की मला काय करावं कळत नाही, पण खाली आले की सगळं बरोबर असतं. आणि ते मला सांगतात, तुम्ही इथे जुळत नाही, तुमच्या मॅडमनीच लिहिलंय. मी घरी जाऊन आईला विचारलं, मी दिसते का तशी?"

"आई काय म्हणाली?"

"म्हणाली, विचार ना त्या बाईंना. मी म्हटलं, त्यांना काय विचारायचं, त्यांनी लिहिलंय म्हणजे मोजूनच लिहिलं असणार."

मी फॉर्मची दुसरी प्रत तिच्या मांडीवर ठेवली. तिने ती वाचली. एकेका रेघेखालचा जुना आकडा वाचला, मग नवा, मग सही. शेवटी कारण. नंतर बोटाने हवेत बेरीज केली. बरोबर आहे का ते बघत होती.

"वेगाचे पाचच ठेवलेत," ती म्हणाली.

"वेग कमीच आहे तुझा."

"आहेच." ती हसली आणि लगेच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी राजीनामा तुमच्यासमोर ठेवला ना, तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही काहीतरी म्हणाल. तुम्ही तारीख दुरुस्त केलीत."

"चुकली होती."

"मॅडम!"

"माझी चूक झाली," मी म्हणाले. "तारखेची नाही. चार वर्षांत तुला सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही. तू माझ्यापेक्षा चांगलं काम करतेस. मी वह्या काढून मोजलंय."

"मोजल्याशिवाय नाही का सांगता आलं?"

आत घड्याळ वाजलं. वजनं निवली होती. ती उठली नाही. अजून दहा मिनिटं थांबूया म्हणाली. पुस्तकाच्या वेळेपेक्षाही जास्त.

तेव्हा मी विचारलं, की काय झालं तर तू राहशील. आकड्याने ती राहणार नाही, हे मला दिसत होतं. तिने फॉर्मची घडी घातली. मग म्हणाली, "प्रमाणपत्रावर सही."

आमच्या खोलीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रमाणपत्रावर चोवीस वर्षांपैकी शेवटची चौदा वर्षं माझी एकटीची सही आहे. काम तिचं, तपासणी माझी आणि नावही माझंच. दुसऱ्या माणसाला सहीचा अधिकार देता येतो. अर्ज करावा लागतो, बाहेरून परीक्षक येतात, प्रश्न विचारतात. मी तो अर्ज कधी केला नव्हता. गरज काय, मी असतेच की, असं मला वाटायचं. एवढ्या वर्षांत मी सलग आठ दिवसांपेक्षा जास्त रजा घेतलेली नाही.

"तू मागितलं का नाहीस?"

"तुम्हाला वाटलं तर द्याल, असं वाटायचं."

दोघी एकाच वळणाच्या, दुसरं काय म्हणू. मी त्याच दिवशी अर्ज लिहिला. तिनेच तो तपासला आणि तिच्या पदवीचं वर्ष मी चुकीचं लिहिलेलं पकडलं. एचआरच्या मुलाने मधे पडून राजीनामा मागे घ्यायचा मेल कसा लिहायचा ते तिला सांगितलं. पण तिने तो लगेच लिहिला नाही. "परीक्षक येऊ देत," म्हणाली. तिने नोटीस एका महिन्याने वाढवून घेतली. बोरिवलीवाल्यांनी तेवढं थांबायची तयारी दाखवली. त्यामुळे पुढचे सात आठवडे ती माझ्यासमोर बसलेली होती आणि जाणार की राहणार, हे मला माहीत नव्हतं. आकडा नसलेली गोष्ट मनात वागवायची मला सवय नाही. भाजीत दोनदा मीठ पडलं.

परीक्षक आले. उंच, थकल्यासारखे गृहस्थ. त्यांनी तिला तासभर प्रश्न विचारले. मी बाहेरच्या बाकड्यावर बसले होते. तंत्रज्ञ येऊन शेजारी बसले आणि माझ्यापुढे आवळासुपारीची डबी धरली. शेवटी परीक्षकांनी मला आत बोलावलं. म्हणाले, हिला विचारलं, ग्राहक घाईत आहे, वजनं अजून गरम आहेत, साहेब सांगतायत लगेच करा, तर काय करशील? ती म्हणाली, थांबेन. पुढे विचारलं, साहेब रागावले तर? म्हणाली, आमच्या मॅडम रागवत नाहीत, फक्त बघत राहतात.

ते हसले आणि त्यांनी तिच्या सहीच्या अधिकाराला मंजुरी लिहून दिली. संध्याकाळी ती माझ्यापुढे दोन ओळींचा मेल घेऊन आली. राजीनामा मागे घेत आहे. मी पेन्सिल उचलली नाही. तिने विचारलं, "तपासणार नाही?" मी म्हटलं, "पाठव."

पुढच्या आठवड्यात तिच्या सहीचं पहिलं प्रमाणपत्र तयार झालं. एका सोनाराचा सात वजनांचा संच. तिने आकडे तीन वेळा वाचले, कागद सरळ केला, पेन उघडलं, पुन्हा बंद केलं.

"मॅडम, एकदा नजर टाकता?"

"हे काम तंत्रज्ञांनी केलंय आणि तू तपासलंयस. दोन माणसं झाली."

"तरी."

"माझी सही नाहीये त्यावर."

"किती त्रास देता हो," ती पुटपुटली आणि सही केली. आडनावाची शेवटची रेघ जरा लांब गेली. मग ती पाकीट आणायला बाहेर गेली.

खरं सांगायचं तर, ती गेल्यावर मी ते वाचलं. वरपासून खालपर्यंत, सातही वजनं, तारीख, तापमान, ग्राहकाचा पत्ता. एकही चूक नव्हती. कागद होता तसा, होता त्या कोनात ठेवला. ती परत आली तेव्हा मी म्हणाले, "छान केलंस."

ती दारातच थांबली. "म्हणजे वाचलंत!"

"वाचलं."

"मोजून सांगताय की असंच?"

"मोजून," मी म्हणाले. ती पाकिटावर सोनाराचा पत्ता लिहायला बसली.